डाऊन सिंड्रोमचं लेकरू आणि मेंदूचा कारभार

(आपल्या सामुदायिक रेडिओवर झालेलं हे बोलणं गटाच्या बैठकीत मोठ्यानं वाचता यावं म्हणून इथं छापत आहोत.)

हातातलं काम चालू ठेवा, पण कान इकडं द्या.

आज एका लेकराविषयी बोलायचं आहे. कोणत्याही मोठ्या गावात असं एखादं लेकरू सापडतं. चेहरा गोल, डोळे थोडे तिरपे, नाक बसकं, अंग एकदम लवचीक. माणसांत रमणारं, गाणं लागलं की नाचणारं. चालायला उशिरा लागतं, बोलायला त्याहून उशिरा. डॉक्टर म्हणतात, याला डाऊन सिंड्रोम आहे. गावात त्याला वेगळी नावं पडतात. ती नावं मी इथं घेणार नाही, तुम्हीही घेऊ नका.

अशा लेकराची आई भेटली की बहुतेक वेळा एकच गोष्ट सांगते. "ताई, ऐकतच नाही बघा. चार गोष्टी सांगितल्या तर एकही धड करत नाही. लई हट्टी झालंय." शेजारीण म्हणते, लाडानं बिघडलंय. घरातलं मोठं माणूस म्हणतं, दोन रट्टे द्या म्हणजे येईल वळणावर. आणि लेकरू मार खातं. कशासाठी मार बसला, हे त्याला पुष्कळदा कळतही नाही.

म्हणून आजचा विषय हा "ऐकत नाही"चा. लेकराच्या डोक्यात त्या वेळी काय चाललेलं असतं? शास्त्रज्ञांनी यावर बराच अभ्यास केला आहे. तो समजून घेतला तर आपली सांगायची रीत बदलते, आणि रीत बदलली की लेकराचं वागणंही पुष्कळ बदलतं.

आधी आईच्या डोक्यावरचं ओझं उतरवू

आपलं शरीर लहान लहान पेशींचं बनलेलं आहे. प्रत्येक पेशीत गुणसूत्रं असतात. शरीर कसं घडायचं याचा सगळा आराखडा या गुणसूत्रांत असतो. माणसात ती ४६ असतात, म्हणजे २३ जोड्या. प्रत्येक जोडीतलं एक आईकडून येतं, एक बापाकडून. डाऊन सिंड्रोमच्या बाळात २१ व्या क्रमांकाची दोनऐवजी तीन येतात. एकूण ४७ होतात. एवढाच फरक, पण तो गर्भ राहतानाच होतो आणि शरीराच्या प्रत्येक भागात पोचतो, मेंदूतही.

जॉन लँगडन डाऊन नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी १८६६ साली या मुलांचं वर्णन पहिल्यांदा नीट लिहून ठेवलं, म्हणून हे नाव. कारण सापडलं ते बरंच उशिरा, १९५९ साली, फ्रान्समध्ये. २१ व्या क्रमांकाची तीन गुणसूत्रं, म्हणून तिसऱ्या महिन्यातली २१ तारीख, म्हणजे २१ मार्च हा दिवस जगभर डाऊन सिंड्रोम दिन म्हणून पाळतात.

साधारण सातशे ते हजार जन्मांमागं एक बाळ असं जन्मतं. श्रीमंताच्या घरी, गरिबाच्या घरी, शहरात, तांड्यावर, सगळीकडं. आईनं ग्रहणात भाजी चिरली म्हणून हे होत नाही. पपई खाल्ली म्हणून होत नाही. करणी नाही, मागच्या जन्मीचं पाप नाही. आईचं वय पस्तिशीच्या पुढं गेलं की शक्यता वाढते हे खरं, पण विशीतल्या आयांनाही अशी बाळं होतात. बहुतेक वेळा हा निव्वळ योगायोग असतो. थोड्या कुटुंबांत मात्र गुणसूत्राची अदलाबदल आईकडून किंवा बापाकडून आलेली असते. म्हणून बाळाची गुणसूत्रांची रक्ततपासणी करून घ्यावी, आणि पुढच्या बाळंतपणाआधी तो कागद डॉक्टरांना दाखवावा. पण सुनेला बोल लावायला यात कुठंच जागा नाही.

मेंदूचा कारभार म्हणजे काय

आता मुद्द्यावर येऊ. घर चालवायला जशी कारभारीण लागते, तसा मेंदूलाही कारभार असतो. शास्त्रात त्याला एक्झिक्युटिव्ह फंक्शन म्हणतात. आपण मेंदूचा कारभारच म्हणू. हा कारभार मुख्यतः कपाळाच्या मागचा मेंदूचा भाग बघतो, आणि बाकीच्या भागांना सोबत घेऊन बघतो. त्यात चार कामं येतात.

पहिलं काम, मनात धरून ठेवणं. मोबाईलवर सहा आकडी ओटीपी येतो. तो वाचायचा, मनात धरायचा आणि दुसरीकडं टाकायचा. तेवढ्यात कुणी हाक मारली की आकडे गेले. काम होईपर्यंत गोष्ट डोक्यात धरणं म्हणजे हे.

दुसरं काम, स्वतःला थांबवणं. गटाच्या बैठकीत कुणी टोचून बोललं, उत्तर ओठावर आलं, पण आपण गिळलं. तवा तापलेला दिसला, हात मागं घेतला. रस्ता ओलांडताना गाडी दिसली, पाय थांबला.

तिसरं काम, वळण घेणं. अंगणात कुरडया वाळत घातल्यात, आणि आभाळ भरून आलं. हातातलं काम तसंच टाकून आधी कुरडया आत. एका कामावरून मन दुसऱ्यावर वळवणं म्हणजे हे.

चौथं काम, क्रम लावणं. भाकरी करायची तर आधी चूल पेटवायची, आधण ठेवायचं, पीठ मळायचं, थापायची, तव्यावर टाकायची, पाणी लावायचं, उलटायची. कुणी शिकवलं होतं ते आता आठवतही नाही, इतका तो क्रम हातात बसलाय.

ही चारही कामं आपण दिवसातून शंभर वेळा करतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. जन्मलेल्या कोणत्याच बाळाला ती येत नाहीत. लहानपणापासून ती हळूहळू वाढतात आणि तरुणपणापर्यंत वाढतच राहतात. डाऊन सिंड्रोमच्या लेकरातही वाढतात. फक्त सावकाश वाढतात, आणि सगळी सारखी वाढत नाहीत.

या लेकरांच्या मेंदूत काय वेगळं दिसतं

मेंदू चालतो कसा हे बघायच्या काही तऱ्हा आहेत. एमआरआयच्या यंत्रात मेंदूचा आकार दिसतो. डोक्याला बारीक तारा लावून विजेच्या लहरी मोजतात, त्याला ईईजी म्हणतात. आणखी एक तऱ्हा मुलांसाठी सोपी आहे. डोक्यावर टोपी घालायची, त्या टोपीतून डोळ्याला न दिसणारा सौम्य प्रकाश कपाळातून आत जातो, आणि मुलगा खेळ खेळत असताना कपाळामागच्या भागात रक्त किती धावतंय ते कळतं. जिथं काम जास्त, तिथं रक्त जास्त.

या सगळ्या तपासण्यांतून काही गोष्टी दिसल्या आहेत. डाऊन सिंड्रोम असलेल्यांचा मेंदू सरासरीनं थोडा लहान असतो. त्यातही कपाळामागचा भाग, तोल सांभाळणारा लहान मेंदू आणि आठवणी पक्क्या करणारा भाग, हे अधिक लहान दिसतात. मेंदूच्या पेशी एकमेकींशी जोडलेल्या असतात, त्या जोडण्या कमी आणि वेगळ्या पद्धतीच्या असतात. विजेच्या लहरी पुष्कळदा संथ असतात. आणि कारभाराचं काम करताना कपाळामागच्या भागात जी हालचाल इतर मुलांत दिसते, ती या मुलांत वेगळी दिसते.

आपल्या भाषेत सांगायचं तर, गावात पोचायला डांबरी रस्ता नाही, पाऊलवाट आहे. गावाला जाता येतं, पण वेळ लागतो, आणि डोक्यावर ओझं जास्त असलं तर वाटेत बसावं लागतं. पाऊलवाटेनं रोज माणसं गेली की ती रुंद होते, पक्की होते. मेंदूतही तसंच. तीच गोष्ट त्याच क्रमानं रोज केली की तिची वाट पक्की होते.

दोन गोष्टी इथं नीट लक्षात ठेवा. एक, ही सगळी सरासरीची गोष्ट आहे. दोन लेकरं कधीच सारखी नसतात. कोणतं लेकरू किती शिकेल हे मेंदूच्या फोटोवरून कुणी सांगू शकत नाही. म्हणून फक्त डाऊन सिंड्रोम आहे एवढ्यासाठी पैसे खर्चून स्कॅन करत बसू नका. डॉक्टरांनी कारण सांगितलं तरच करा. मात्र तान्हं बाळ अचानक अंग आवळून पुन्हा पुन्हा पुढं झुकत असेल, झटके दिल्यासारखं करत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तो झटक्यांचा आजार असू शकतो, त्याला लवकर औषध लागतं.

दोन, मेंदू वाढवणारी पूड, टॉनिक, ताईत विकणारे येतात. तिसरं गुणसूत्र काढून टाकणारं औषध आज जगात कुठंच नाही. ते पैसे लेकराच्या चष्म्याला आणि कानाच्या मशीनला लावा.

"हट्ट" उलगडून बघू

समजा नऊ वर्षांचा मुलगा आहे. आई चुलीपाशी आहे. ती म्हणते, "दादा, जा, हात धू, तांब्या भरून आण, आजोबांना दे, आणि येताना दार लाव." एका दमात चार कामं.

कानानं ऐकलेलं मनात धरणं हे या लेकरांना सगळ्यात जड जातं. डाऊन सिंड्रोमच्या अभ्यासात ही गोष्ट फार पक्की सापडली आहे. डोळ्यानं पाहिलेलं त्या मानानं चांगलं टिकतं. म्हणजे "हात धू" ऐकलं, "तांब्या" ऐकला, तोवर पहिलं पुसलं गेलं. शेवटी कानात राहिलं "दार लाव". तो उठतो, दार लावतो आणि हसत आईकडं बघतो. शाबासकी मिळेल म्हणून.

आई म्हणते, "पाणी कुठाय? एक काम येत नाही तुला?" तो गोंधळतो. त्याच्या हिशेबानं त्यानं सांगितलेलं केलं होतं. आई पुन्हा चारही कामं सांगते, आता मोठ्यानं आणि भराभर. त्याचं डोकं आणखी गच्च होतं, आणि तो मटकन खाली बसतो. उठवलं तरी उठत नाही. हे खाली बसणं या लेकरांच्या आयांना चांगलं ठाऊक आहे. आपण त्याला हट्ट म्हणतो. खरं म्हणजे बोलून सांगता येत नाही म्हणून ते अंगानं सांगतं, "माझ्याच्यानं होईना."

दुसरं उदाहरण. मुलगी मातीत खेळतेय. आई येते आणि हात धरून ओढते, "चल, शाळेला उशीर झाला." मुलगी किंचाळते. इथं अडलंय ते वळण घेणं. एका गोष्टीतून मन सोडवून दुसरीकडं लावायला तिला वेळ लागतो. आपल्याला एक क्षण पुरतो, तिला काही मिनिटं लागतात. ती मिनिटं आपण तिला दिलीच नाहीत.

या लेकरांना कधी हट्ट नसतोच असं मी म्हणत नाही. सगळ्या लेकरांना असतो, यांनाही असतो. पण हट्ट ठरवण्याआधी एवढं विचारा, मी सांगितलेलं त्याच्या डोक्यात मावलं का?

रागवण्याआधी कान, डोळे, थायरॉइड, झोप

मेंदूचा कारभार आधीच तंगीत असतो. त्यात आणखी चार अडचणी या लेकरांत फार सापडतात. या चारही तपासता येतात आणि त्यांच्यावर इलाज आहे.

कान. या मुलांच्या कानाच्या आतल्या नळ्या अरुंद असतात. पडद्यामागं चिकट पाणी साचतं आणि ऐकू कमी येतं. अर्ध्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त मुलांना कधी ना कधी हा त्रास होतो. ऐकूच कमी येत असेल तर "ऐकत नाही" हा आरोप कसा करायचा?

डोळे. चष्म्याचा नंबर, तिरळेपणा, मोतीबिंदू. ही लेकरं पाहून शिकतात असं आता सांगितलं. तेव्हा डोळे धड असणं त्यांना दुप्पट गरजेचं आहे.

थायरॉइड. ही गाठ मंद चालली की लेकरू सुस्त होतं, वजन वाढतं, लक्ष लागत नाही. साध्या रक्ततपासणीत कळतं, गोळी स्वस्त असते. ही तपासणी वर्षातून एकदा करायचीच, लेकरू ठणठणीत दिसलं तरी.

झोप. लेकरू जोरात घोरतं का? झोपेत श्वास अडकून दचकतं का? बसून किंवा वाकडंतिकडं झोपतं का? असं असेल तर रात्रभर त्याच्या मेंदूला पुरता आराम मिळत नाही. दिवसा ते चिडतं, विसरतं, एका जागी टिकत नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

आणि हृदय. जवळपास अर्ध्या बाळांना जन्मतः हृदयाचा दोष असतो. बाहेरून कळेलच असं नाही. म्हणून जन्मानंतर लगेच हृदयाची सोनोग्राफी करून घ्यावी.

हे कुठं करायचं? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच महाराष्ट्रातून, पालघरमधून सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तो आहे आणि त्याच्या यादीत डाऊन सिंड्रोमचं नाव आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत वर्षातून एकदा येतं. पथक येण्याचा दिवस अंगणवाडी ताईला आधी विचारून ठेवा आणि त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका. पथक पुढं ग्रामीण रुग्णालयात, जालन्याच्या जिल्हा रुग्णालयात, गरज पडली तर छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयापर्यंत पाठवू शकतं. बाळ लहान असेल तर पथकाची वाट बघत बसू नका, आशा ताईला लगेच सांगा.

घरी काय करता येतं

सगळ्याचं सूत्र एकच आहे. जो कारभार डोक्यात मावत नाही, तो डोक्याबाहेर, डोळ्यासमोर मांडायचा.

एका वेळी एकच काम सांगा. "हात धू." ते झालं की "तांब्या आण." बोलताना त्याच्या समोर या, डोळ्यात बघा, हातानं खूण करा. सांगून झालं की गप्प बसा आणि मनात दहापर्यंत मोजा. ही दहा मोजायची सवय आपल्याला जड जाते. आपण तीनवरच दुसऱ्यांदा ओरडतो, आणि मग त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

दिवसाचं चित्र भिंतीवर लावा. वहीच्या पानावर साधी चित्रं काढा. दात घासणं, अंघोळ, कपडे, भाकरी, शाळा. एकाखाली एक चिकटवा. एक काम झालं की त्यावर कपड्याचा चिमटा लावायचा, तो चिमटा लेकरानंच सरकवायचा. थोरल्या बहिणीला चित्रं काढायला सांगा, तिलाही कळेल भाऊ कसा शिकतो ते. मोबाईलमध्ये त्याचेच फोटो काढून दाखवले तरी चालतं.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी एक खास गोष्ट. सहा महिने घर, शाळा, माणसं सगळं बदलतं आणि या लेकराची पक्की झालेली वाट मोडते. तीच चित्रं पेटीत घालून सोबत न्या आणि कोपीत लावा. जागा बदलली तरी दिवसाचा क्रम तोच राहिला, तर लेकरू लवकर स्थिरावतं. दवाखान्याचे कागदही त्याच पेटीत ठेवा.

काम बदलायच्या आधी सूचना द्या. "दोन घसरगुंड्या झाल्या की घरी जायचं." मग बोटं दाखवून मोजा. "पाच मिनिटांनी" असं सांगून उपयोग नाही, कारण मिनिट त्याला दिसत नाही. दोन घसरगुंड्या दिसतात.

थांबायचं शिकवा ते खेळातून. पुतळा व्हायचा खेळ घ्या. गाणं चालू असताना नाचायचं, बंद झालं की जागच्या जागी थांबायचं. आळीपाळीनं दगड रचायचे, "आधी तू, मग मी." आपल्याला हा खेळ वाटतो, पण रस्त्यावर गाडी समोर आल्यावर जे थांबणं लागतं, त्याची ही तालीम आहे.

मोठं काम तुकड्यांत शिकवा, आणि शेवटचा तुकडा आधी शिकवा. सदरा घालायचा तर डोक्यातून, हातातून आपण घालून द्यायचा, खाली ओढायचं काम त्याचं. ते जमलं की एक हात त्याचा, मग दोन्ही. असं केलं की प्रत्येक वेळी काम पूर्ण होतं ते त्याच्या हातून. शाबासकीही त्यालाच मिळते.

"नको" ऐवजी काय करायचं ते सांगा. "पळू नको" म्हणण्यापेक्षा "माझा हात धर." "नको" हा शब्द निसटला तर कानात "पळू" एवढंच राहतं!

आणि अंग हलू द्या. चालणं, नाचणं, चेंडू खेळणं यानं अंगात ताकद येते, झोप चांगली लागते, मन ताजं होतं. फक्त कोलांटउडी आणि मानेवर ताण येणारे खेळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, कारण या लेकरांच्या मानेचे सांधे सैल असू शकतात.

अशा तुकड्यातुकड्यानं शिकण्यातून किती पुढं जाता येतं याचं एक नाव सांगते. पुण्याच्या गौरी गाडगीळ. त्यांना डाऊन सिंड्रोम आहे, आणि त्या पोहण्याच्या स्पर्धा गाजवणाऱ्या जलतरणपटू आहेत. त्यांच्या आयुष्यावर 'यलो' नावाचा मराठी चित्रपट २०१४ साली आला. त्यात गौरीची भूमिका गौरीनंच केली, आणि राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारात तिचा खास उल्लेख झाला. पोहण्यात हात, पाय, श्वास यांचा क्रम जमवायचा. सिनेमात सांगितलं की बोलायचं, सांगितलं की थांबायचं. सगळा मेंदूचा कारभारच आहे तो. प्रत्येक लेकरू पदक आणेल असं नाही. पण स्वतःचा डबा स्वतः भरणारी, दुकानातून साखर आणणारी मुलगी घडली, तर तेही तिचं पदकच.

शाळेत आणि कागदावर

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं ठरावीक प्रमाणाच्या वर दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. गावातल्या शाळेत घालायचं की विशेष शाळेत, हे पालकांनी निवडायचं. "आमच्याकडं नको, त्याला तिकडं न्या" असं शाळेनं म्हणणं बरोबर नाही. समग्र शिक्षा योजनेत तालुक्याला विशेष शिक्षक असतात, त्यांची मदत मुख्याध्यापकांकडून मागा.

गुरुजींना तीन गोष्टी नम्रपणे सांगा. लेकराला पुढं बसवा. फळ्यावर किंवा चित्रातून दाखवा. आणि उत्तराला थोडा वेळ द्या. बोलता येत नाही म्हणजे समजत नाही असं नसतं. या मुलांना बोलता येतं त्यापेक्षा समजतं पुष्कळ जास्त.

मुंबईची जय वकील संस्था १९४४ पासून बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी काम करते. त्यांनी तयार केलेला 'दिशा' नावाचा अभ्यासक्रम आता महाराष्ट्रातल्या बौद्धिक दिव्यांग मुलांच्या विशेष शाळांत वापरतात. विशेष शाळेत नाव घातलं असेल तर "आमच्या लेकराचं यंदाचं उद्दिष्ट काय ठरलंय?" असं विचारा. विचारणाऱ्या आईच्या लेकराकडं जरा जास्त लक्ष जातं, हे आपल्याला ठाऊक आहेच.

दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढून ठेवा. त्याशिवाय पुढच्या योजना अडतात. केंद्राच्या राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' ही आरोग्य विमा योजना बौद्धिक दिव्यांगांसाठी आहे. तिच्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळू शकतो, आणि दवाखान्याबरोबर थेरपीचा खर्चही त्यात बसतो. संजय गांधी निराधार योजनेबद्दल तहसील कार्यालयात विचारा.

गटानं काय करायचं

शेवटचं बोलणं गटासाठी. अशा लेकराची आई पुष्कळदा बैठकीला येत नाही. आली तरी दाराशी बसते, कारण लेकरू मध्येच उठतं, आवाज करतं आणि चार जणी वळून बघतात. कापूस वेचणीला तिला जाता येत नाही, कारण लेकराला कुणाकडं ठेवायचं? मजुरी बुडते, हप्ता थकतो, आणि मग ती गटातूनच गळते. मेंदूचा कारभार लेकराचा अवघड असतो, पण मोडतो तो आईचा संसार.

तेव्हा पुढच्या बैठकीला त्या आईला लेकरासकट बोलवा. लेकराला एक काम द्या आणि दर बैठकीला तेच द्या. सतरंजी अंथरायची, किंवा प्रत्येकीला तिचं पासबुक नेऊन द्यायचं. पासबुकावर जिचं तिचा फोटो चिकटवा, म्हणजे नाव वाचता आलं नाही तरी चेहरा बघून ते बरोबर देईल. पहिल्या वेळी चुकेल. तिसऱ्या, चौथ्या वेळी बघा. मनात धरणं, क्रम लावणं, थांबणं, वळणं, चारही कामं त्या एका पासबुकाच्या वाटपात आहेत.

वेचणीच्या दिवसांत दोघी-दोघींनी पाळी लावून ते लेकरू सांभाळता येईल का, तेही त्याच बैठकीत ठरवा. आणि बैठकीच्या वहीत तीन ओळी लिहा. लेकराचे कान, डोळे आणि थायरॉइड शेवटचं कधी तपासलं? यूडीआयडी कार्ड निघालं का? शाळेत नाव आहे का? ज्या प्रश्नाचं उत्तर "नाही" येईल, त्यासाठी त्या आईबरोबर एसटीनं जालन्याला कोण जाणार, तिचं नाव समोर लिहा. एकटी आई दवाखान्यात एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर फिरत राहते. सोबत गटाची बाई असली की काम लवकर होतं.

आणि वाटेत कुणी विचारलं, "हे असं काहून करतं गं?" तर सांगा, "त्याला एकेक करून सांगावं लागतं. सांगून बघा, करतंय ते."

बरं, येते मी. रामराम.